टॅपेट वाजायलंय

गेल्या शनिवारी इथं अमेरिकेतल्या एका गॅरेजवाल्यानं माझ्या जुन्या ट्रकचं एस्टिमेट हातात ठेवलं, २,८०० डॉलर. काम काय, तर ट्रॅक बारचा, म्हणजे ॲक्सल आडवी सरकू न देणाऱ्या दांड्याचा, बोल्ट पुढच्या ॲक्सलवर ज्या भोकात बसतो ते भोक झिजून लांबट झालंय. मी म्हटलं, भोक गोल करून घ्या, लेथवर एक बुश काढा आणि आत ठोका. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काही ट्रकला लिंबू-मिरची बांधून बरा कर म्हणून सांगितलंय. आम्ही सस्पेन्शनवर वेल्डिंग करत नाही, बुश मारत नाही, अख्खी ॲक्सल हाउसिंग बदलतो, म्हणाला. का? लायबिलिटी. या एका शब्दापुढं इथं कुणाचं काही चालत नाही.

कोल्हापूरला आमच्या उद्यमनगरात हे काम चहा येईस्तोवर झालं असतं. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर उभं राहिलेलं गाव ते. अजूनही एका गल्लीत लेथ, दुसरीत ग्राइंडिंग, कोपऱ्यावर वेल्डिंग, आणि पार्ट हातात घेऊन तुम्ही नुसतं चालत राहायचं. शेवटच्या दुकानात पोचेपर्यंत तो नवा झालेला असतो. इथं चालत जाण्यासारखं काहीच नाही. तासाला १६० डॉलर मजुरी घेणारा माणूस आहे, त्याला कॉम्प्युटरवर पार्ट नंबर सापडला तर तुमचं काम होणार, नाहीतर हात वर.

ट्रकबद्दल सांगतो. १९९७ ची डॉज रॅम २५००, पाच गिअरची, मॅन्युअल. २ लाख ४३ हजार मैल झालेले. इथून तासाभरावरच्या एका मक्याच्या शेतकऱ्याकडून साडेनऊ हजाराला घेतली. मी काही विचारायच्या आत म्हाताऱ्यानं तिच्या सगळ्या खोडी स्वतःच सांगितल्या आणि पहिल्या ऑइल बदलापासूनची वही हातात दिली. कोल्हापुरात सेकंडहँड गाडी घेताना आपण मीटरवर बोट ठेवून एजंटाच्या डोळ्यांत बघतो, ते आठवून जरा ओशाळायला झालं. पण माझ्या आज्जाची राजदूत घेणाऱ्याला आज्जानंही सगळं सांगितलं होतं, हेही खरं. तेव्हा यावर जास्त बोलत नाही.

बायको म्हणते, "अहो, ऑफिस पाच मैलांवर, तुम्ही काम करणार कॅडवर, आणि दारात हत्ती कशाला?" माझं उत्तर तयार असतं. मंडळाचा गणपती आणायला कुणाची गाडी लागते? वर्षातून दोन दिवस, हे ती म्हणते, मी नाही. वर डिझेल इथं पेट्रोलपेक्षा महाग, आपल्या उलट. असो.

खरं कारण इंजिन. कमिन्स, ५.९ लिटर, सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह. मी राहतो ते कोलंबस म्हणजे इंडियानातलं, ओहायोतलं नव्हे. १९१९ मध्ये ही कंपनी सुरू झाली ती याच गावात. आपल्याकडं कमिन्स म्हटलं की कोथरूड आठवतं. तिथं १९६२ ला किर्लोस्करांबरोबर सुरुवात झाली. पण माझ्या इंजिनाची भावंडं जमशेदपूरला तयार झाली, टाटाच्या ट्रकांसाठी. म्हणजे साखर कारखान्याच्या गेटवर रात्रभर उसाची जी रांग लागते, तिच्यात हेच इंजिन मी लहानपणी ऐकलेलं. कॉम्प्युटर नाही, सेन्सरचा गोतावळा नाही. बॉशचा इनलाइन पंप आहे, आपले ड्रायव्हर ज्याला बॉशच्या भारतातल्या जुन्या नावानं अजून मायकोचाच पंप म्हणतात तसला.

ट्रक आणल्यावर पहिल्याच रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवला. मोबाइल बॉनेटखाली धरला, किल्ली मारली. अण्णा गप्प. आई मागून विचारतेय, जेवलास का. मग अण्णा म्हणाले, "आरं, टॅपेट वाजायलंय की."

मी म्हटलं, अण्णा, डिझेल आहे, आवाज करणारच.

"डिझेलचा आवाज मला सांगतोस व्हय? मागचा एक वाजतोय. फिलर गेज घाल."

या इंजिनाला सहा सिलिंडरवर सहा वेगळी झाकणं असतात. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट फिलर गेजच्या पात्यांनी मोजायची. थंड इंजिनावर इनटेकला दहा थाऊ, एक्झॉस्टला वीस. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पाचव्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला तीस थाऊचं पातं सहज आत गेलं. तेरा हजार किलोमीटरवरून, मोबाइलच्या बोटभर स्पीकरमधून माणसानं दहा थाऊ ओळखले. हे मी ऑफिसात चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगताना शेजारचा उठून कॉफी आणायला गेला.

मग पाळी आली ती डॉवेल पिनीची. या इंजिनाची सगळ्यात बदनाम गोष्ट. टायमिंग गिअरच्या हाउसिंगमध्ये करंगळीच्या पेराएवढी एक स्टीलची पिन असते. हादऱ्यांनी ती हळूहळू बाहेर सरकते आणि एक दिवस फिरत्या गिअरमध्ये पडते. पडली की नशिबावर, कधी हाउसिंग फुटतं, कधी इंजिनच जातं. तिला अडवायचं किट विकत मिळतं. अण्णा म्हणाले, "किट कशाला? शेजारच्या बोल्टखाली पत्र्याचा तुकडा दाब, पिनीवर येईल असा. जाती कुठं?" मी किट मागवलं. डबा उघडला. आत बोल्टखाली दाबायचा पत्र्याचा तुकडा आणि एक गॅस्केट. फॅन, पुली, पुढचं कव्हर असं सगळं उतरवून बघतो तर पिन अर्धी बाहेर आलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हाताऱ्याच्या वहीत या पिनीचं नाव नव्हतं, पण त्याचा राग आला नाही. त्याला माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं.

कोल्हापूरच्या बाजूनं इतकं बोलल्यावर एक गोष्ट लपवली तर ते बरोबर होणार नाही. अण्णांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला पेर नाही. पॉवर प्रेसमध्ये गेलं, मी चौथीत होतो. ट्रकखाली जायच्या आधी मी चार जॅक स्टँड घेतले, तर अण्णा हसले. "विटा मिळत न्हाईत काय तिकडं?" मी काही बोललो नाही. गॅरेजवाल्याची लायबिलिटी कुठून येते ते मला कळतं. तरीही २,८०० म्हणजे २,८००.

भोकाचं काम शेवटी शेजाऱ्यानं केलं. निवृत्त वेल्डर, बोलायला फारसा नाही. मी नव्या बोल्टाच्या मापाचं भोक पाडलेल्या दोन जाड चकत्या मागवल्या, त्यानं ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना त्या बसवून वेल्ड मारला. पैसे घेईना. चिवड्याचा डबा दिला तर दुसऱ्या दिवशी रिकामा डबा धुऊन परत, आत सहा अंडी. आपल्याकडं रिकामा डबा परत करत नाहीत. हे त्याला कुणी शिकवलं?

आता सजावट. या रॅमचे डॅशबोर्ड पापडासारखे तडकतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्याही डॅशचे तुकडे पायात पडायचे. बाजारात वरून चिकटवायची प्लास्टिकची खोळ मिळते. मला रेक्झिन पाहिजे होतं, दुहेरी शिलाईचं. आपल्या वडापच्या जीपगाड्यांना मारतात तसलं, मरून. इथला अपहोल्स्ट्रीवाला तीन महिन्यांनंतरची तारीख देतोय, म्हणून खोळ चिकटवली. काळी, गुळगुळीत. अजून रुसलोय तिच्यावर. थंडीत इंजिन गरम राहावं म्हणून रात्री ब्लॉक हीटरची वायर प्लगला लावतो. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, तर चुलतभाऊ विचारतो, "भावा, इलेक्ट्रिक घेतलीस?"

इंडियानात नंबर प्लेट फक्त मागं. पुढची जागा मोकळी, लोक तिथं कॉलेजचं नाव लावतात, कुत्र्याचा फोटो लावतात, पोलीस बघतही नाही. तिकडं तुम्ही एचएसआरपीच्या तारखांमागं पळालात, आणि ४१४१ वळवून 'दादा' लिहिणाऱ्याला दंड बसतो. इथं मात्र कायद्यानंच एक कोरी पाटी दिली. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी बघायला दसरा चौकात उभा राहणाऱ्या गावच्या माणसानं ती कोरी सोडायची?

अण्णांना सांगितलं. त्यांनी काही दिवस काही विचारलं नाही. मग एकदा रात्री फोन, "भोकांचं माप सांग. मधलं अंतर." मी टेप लावली, सात इंच म्हणालो. "सात म्हंजे किती? व्हर्नियर लाव." व्हर्नियर एवढी लांब नाही माझ्याकडं. सातच, म्हणालो.

पाटी आली ती एका मित्राच्या आईच्या बॅगेतून, कांदा-लसूण मसाल्याच्या पिशवीशेजारी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तीन मिलिमीटरचं ॲल्युमिनियम, कडा हातानं घासलेल्या. अक्षरं मशीनवर कोरून त्यांत गुलाबी रंग भरलेला, जोतिबाच्या गुलालाचा. चांगभलं. बोल्ट लावायला गेलो तर भोकं गोल नव्हती. चारी लांबट, स्लॉट काढलेले, दोन्ही बाजूंना सरकतील असे.

फोन लावला. अण्णा म्हणाले, "तुझ्या मापावर माझा इश्वास न्हाई."