गाडीचे पिकअप का हरवले याचा शोध: माझा अनुभव

माझी गाडी 2014 सालची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या मार्चमध्ये आमच्या नागपुरातील सेमिनरी हिल्सचा जो चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढत असे, तो दुसऱ्यात घ्यावा लागू लागला. खापरीच्या पुढे बुटीबोरीकडे जाताना एका ट्रकला ओलांडायला गेलो, तेव्हा पाय पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकेना आणि मला निमूटपणे पुन्हा मागे यावे लागले. इंजिन थडथडत नव्हते, चेक इंजिनचा दिवाही लागला नव्हता. फक्त गाडीचे पिकअप, म्हणजे झटकन वेग घेण्याची ताकद, उरले नव्हते.

एका वर्कशॉपमध्ये गाडी केवळ गल्लीत फिरवून क्लच प्लेट गेल्याचे सांगण्यात आले आणि नऊ हजारांचा अंदाज हातात दिला गेला. मला ते पटले नाही. क्लच घसरत असेल तर इंजिनचे फेरे वाढतात आणि वेग मात्र वाढत नाही. माझ्या गाडीत फेरे आणि वेग दोन्ही सारख्याच संथपणे वाढत होते. मग मी आपल्या मनाने एअर फिल्टर व स्पार्क प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडीतील (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातील) कार्बन साफ करून घेतला. प्लग तसेही बदलायला झाले होते, त्यामुळे तो खर्च वाया गेला असे म्हणणार नाही, पण गाडीत काडीचाही फरक पडला नाही. टायरमधील हवा तपासली, आणि लांब फेरी मारून चारही चाकांच्या रिमला हात लावून पाहिला. कुठलेच चाक जास्त तापलेले नव्हते, म्हणजे ब्रेकही चिकटलेला नव्हता. पानठेल्यावर मात्र सर्वांचे निदान एकच होते: पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल.

तेव्हा मी अंदाज सोडून मोजायचे ठरवले. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, एसी बंद ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये 40 पासून 80 पर्यंत जायला गाडीने 21 सेकंद घेतले. त्यानंतर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये इंजिनच्या संगणकातील आकडे वाचणारा एक स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर लावला आणि बाजूला बसलेल्या धाकट्या भावाला मोबाईलवरील आकडे टिपायला सांगितले. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर असल्याने, इंजिन बंद असताना इनटेकमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील, दाब 97 किलोपास्कलच्या आसपास दिसतो. पाय पूर्ण दाबल्यावर तो 95 वर पोहोचत होता, याचा अर्थ हवा आत येण्याच्या वाटेत अडथळा नव्हता. खरा उलगडा फ्युएल ट्रिमने केला. धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या सांगण्यावरून इंजिनचा संगणक पेट्रोल ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त सोडतो आहे, हे तो आकडा दाखवतो. गाडी उभी आणि इंजिन चालू (आयडलिंग) असताना तो अधिक 8 टक्के, म्हणजे ठरल्यापेक्षा तेवढे जास्त, होता. चढावर, भार वाढल्यावर, अधिक 22. कुठून तरी फुकटची हवा शिरत असती, तर तिचा परिणाम आयडलिंगला सर्वाधिक दिसून फेरे वाढल्यावर कमी झाला असता. येथे नेमके उलटे होत होते. शिवाय पूर्ण पाय दाबल्यावर ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज 0.8 च्या वर जायला हवे, ते 0.2 च्याही खाली पडत होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. इंजिनला मागेल तेवढे पेट्रोलच मिळत नव्हते.

इथेनॉलचा वाटा त्यात होता, पण तो वेगळा काढता येत होता. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. त्यामुळे 20 टक्के मिश्रणावर इंजिनला साधारण आठ टक्के जास्त इंधन सोडावे लागते. म्हणजे उभ्या गाडीतला तो अधिक 8 इथेनॉलच्या खाती टाकता आला असता. भाराबरोबर वाढणारा उरलेला आकडा मात्र त्याचा नव्हता, आणि लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी झाली म्हणून ओलांडायला गेलेली गाडी ट्रकच्या मागेच राहत नाही.

हे आकडे घेऊन मी घाट रोडवरील एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी आकड्यांकडे फारसे पाहिले नाही, पण पेट्रोलच्या लाइनला दाब मोजणारे प्रेशर गेज लावले. तीन बार (बार हे दाबाचे एकक) अपेक्षित असताना काटा आयडलिंगला 2.7 वर होता आणि अॅक्सिलरेटर झटक्याने दाबताच 2.1 पर्यंत घसरत होता. टाकीतील पेट्रोल पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज पूर्ण येत असल्याने वायरिंग आणि रिले दोषमुक्त ठरले. टाकी जवळपास रिकामी असतानाच काम करायचे, म्हणून त्यांनी मला दोन दिवसांनी बोलावले. त्या दिवशी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू दिले, म्हणजे लाइनमधला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि मागील सीट उचलून तिच्याखालचे झाकण उघडले. पंपाच्या बुडाशी असलेली, पेट्रोल गाळणारी पांढरी जाळी चॉकलेटी झाली होती. “भाऊ, क्लच बदलून काय होणार होतं? गाडीचा गळाच आवळला होता ना,” एवढेच ते म्हणाले. पंप स्वतः ठीक होता. साडेतीनशे रुपयांची जाळी बदलली, टाकीच्या तळाचा गाळ कापडाने टिपून घेतला आणि झाकणाची सील नवी टाकली.

नवी जाळी बसल्यावर काटा तीन बारवर स्थिर राहिला. संगणकाने साठवलेली जुनी दुरुस्ती स्कॅनरने पुसली; दोन-तीन दिवसांच्या रोजच्या धावेत ट्रिम अधिक 7 वर स्थिरावला आणि आता तो भाराबरोबर वाढत नाही. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, 40 ते 80 ला साडेबारा सेकंद लागले. टाकी रिझर्व्हपर्यंत आणून पाचशेचे पेट्रोल भरण्याची माझी सवय मी मिस्त्रींना सांगितली, तेव्हा टाकीतले पेट्रोलच पंपाला थंड ठेवते, त्यामुळे मे महिन्यात तरी पाव टाकीखाली जाऊ देऊ नका, असे त्यांनी बजावले.