नगावर मजुरी

आज निपाणीला मावशीकडं गेलतो. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, साचा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, झाली विडी, बोलणं चालूच. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांवर, आणि त्यातनं परत छाट काढतात, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकतात, छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत.

तिचा पोरगा बेळगावात फूड डिलिव्हरी करतोय, दर ऑर्डरमागं पैसे. आज सुट्टीवर आलेला. मला म्हणतो दादा मी माझ्या मर्जीचा मालक, पाहिजे तवा लॉगिन. मावशी हसली, मी पण मर्जीनंच करतो की बा, रात्री अकरापर्यंत.

कॉलेजात मार्क्स वाचलेला तो परीक्षेपुरता, पण त्याच्या 1867 च्या 'भांडवल' पुस्तकात नगावर मजुरीवर, म्हणजे तासावर नाही तर केलेल्या नगामागं पैसे, ह्यावर अख्खं प्रकरण हाय ते आठवलं. डोक्यावर मुकादम लागतच नाही, माल तपासला की झालं, माणूस आपणहून जास्त तास राबतो आणि त्यातनंच दर खाली येतो. लंडनमध्ये बसून लिहिलेलं, त्याला निपाणी माहीत ना मोबाईल. त्याचं सगळंच पटतं असं नाही, क्रांती आधी पुढारलेल्या देशात होणार हे गणित तर पार हुकलं, झाली रशियात. पण हे प्रकरण मात्र काल लिहिल्यासारखं वाटतंय.

पोराला हेच सांगत होतो तेवढ्यात त्याचा फोन वाजला, रेटिंग कमी झालंय म्हणून मेसेज, तोंड उतरलं बिचाऱ्याचं. मावशीनं विडी वळता वळताच विचारलं, म्हणजे तुझी पण छाट काढत्यात होय रे?