कूपनं कापून किराणा: न्यू जर्सीतला माझा अनुभव

तूरडाळ, पोहे, कणीक, कोथिंबीर यांवर कूपन मिळत नाही, हे आधीच सांगते. इंडियन स्टोअरमध्ये आठवड्याचा सेल लागतो, बचत तेवढीच. कूपन निघतं ते कंपनीच्या खोक्याडब्यातल्या मालावर: सीरियल, योगर्ट, टूथपेस्ट, डिटर्जंट, डायपर. म्हणून मी सुरुवात केली ती महिनाभराच्या पावत्या पुढ्यात घेऊन. आमच्या खर्चातला जेमतेम एक तृतीयांश माल कूपनाच्या टप्प्यात येत होता. हे आधी कळलं की अपेक्षा आटोक्यात राहतात.

कूपन दोन जातींचं. एक उत्पादक कंपनीचं, म्हणजे मॅन्युफॅक्चरर कूपन. दुकान ते घेतं आणि पैसे कंपनीकडून वसूल करतं. दुसरं दुकानाचं स्वतःचं. एका नगावर एकाच जातीची दोन कूपनं चालत नाहीत, पण दोन जातींचं एकेक बऱ्याच ठिकाणी चालतं. टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीत कंपनीचं एक आणि टार्गेटचं एक असं एकाच वस्तूवर लावता येतं. नवख्याची गफलत होते ती इथे: दुकानाच्या ॲपमधून मेंबरशिप कार्डावर चढवलेलं डिजिटल कूपनही पुष्कळदा कंपनीचंच असतं. मग त्याच डब्यावर रविवारच्या पेपरातलं कापलेलं कूपन दिलं, की दोनपैकी एकच लागतं. कुठलं चालेल, कुठलं नाही हे बहुतेक मोठी दुकानं आपल्या साइटवर ‘कूपन पॉलिसी’त लिहून ठेवतात. ते पान फोनमध्ये असू द्या; काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ते दाखवणं सोपं.

माझ्या मते यातली खरी कला कात्रीत नाही, थांबण्यात आहे. कूपन मिळालं त्याच दिवशी ते वापरण्यात फारसं हशील नाही. तीच वस्तू दर काही आठवड्यांनी सेलवर येते. मुदत संपण्याआधी सेल गाठला तरच कूपनाला वजन. समजा, सीरियलचं 10.8 औंसांचं खोकं एरवी 5.49 डॉलरला आणि सेलमध्ये 2.99 ला आहे. ‘2 घेतल्यास 1 डॉलर सूट’ असं कूपन लावलं, तर दोन खोकी 4.98 ला, म्हणजे एक 2.49 ला पडलं. डील झकास वाटते. पण शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं 12 औंसांचं खोकं 2.29 ला असेल, तर पहिलं औंसाला 23 सेंट आणि हे 19 सेंट. कूपन लावूनही महागच! म्हणून शेल्फच्या चिठ्ठीवरचा बारीक अक्षरातला युनिट प्राइस, म्हणजे दर औंसाचा भाव, आधी बघायचा.

बिलाच्या वेळी कूपन नाकारलं जातं ते बहुतेक वेळा मापामुळे किंवा प्रकारामुळे. 50 औंसांच्या डिटर्जंटचं कूपन 46 औंसांच्या बाटलीला लागत नाही, आणि ‘ट्रायल साइझ सोडून’ ही ओळ तर हमखास नजरेतून सुटते. कूपनावरच्या चित्रात पुष्कळदा महागडा प्रकार छापलेला असतो; चित्र सोडा, मजकूर वाचा, त्यात बरेचदा स्वस्त प्रकारही बसतो. डिजिटल कूपन बिल होण्याआधी चढवलेलं हवं आणि काउंटरवर मेंबरशिपचा फोन नंबर टाकलेला हवा, नाहीतर सेलचा भावही हुकतो. कागदी कूपनं असतील तर मी सेल्फ-चेकआउटला जात नाही, सरळ कॅशियरची रांग धरते.

टॅक्सचं गणितही ठाऊक असू द्या. न्यू जर्सीत बहुतेक खाद्यपदार्थांवर सेल्स टॅक्स नाही, डिटर्जंटवर 6.625 टक्के आहे. कंपनीचं कूपन असेल तर टॅक्स मूळ किमतीवर लागतो, दुकानाचं असेल तर सूट वजा करून. 6 डॉलरच्या बाटलीवर कंपनीचं 2 डॉलरचं कूपन दिलं तरी टॅक्स 6 डॉलरवरचाच, 40 सेंट. कॅशियरची चूक नसते ती.

सेलचा माल संपला असेल तर सर्व्हिस डेस्कवर रेनचेक मागा. ती चिठ्ठी देणारी दुकानं माल परत आल्यावर सेलचाच भाव लावतात; फक्त तोवर तुमच्या कूपनाची मुदत टिकायला हवी.

साठा किती करावा? टूथपेस्ट सहा महिन्यांची चालेल, योगर्ट दोन आठवड्यांचंही नाही. आणि पावती दुकानाच्या दारातून बाहेर पडण्याआधी तपासा. न लागलेलं कूपन सर्व्हिस डेस्कवर पाच मिनिटांत दुरुस्त होतं. घरून परत जायचं म्हटलं तर वाचलेला डॉलर पेट्रोलमध्ये गेला.