आठ सॅम्पल, शेकडो रेषा: जीन एक्स्प्रेशनचा पॅरलल प्लॉट काढताना

आर या संगणकभाषेतलं डीईसेक-२ हे पॅकेज चालवून, औषधासारख्या कारणाने एक्स्प्रेशन (जीनची सक्रियता) 'बदललेल्या' जीनची यादी काढणं आता कुणालाही जमतं. ती यादी कितपत खरी, हे बघायचं तर प्रत्येक जीन प्रत्येक सॅम्पलमध्ये कसा वागला ते डोळ्यांना दिसायला हवं. त्यासाठी मी पॅरलल कोऑर्डिनेट प्लॉटकडे वळलो. दर सॅम्पलला एक उभा अक्ष आणि दर जीनची एक रेषा, एवढाच मामला.

स्वतःच्या डेटाला हात लावण्याआधी बायोकंडक्टरवरचा (जीवशास्त्रासाठीच्या आर पॅकेजचं भांडार) 'एअरवे' डेटा घेतला. चार जणांच्या श्वासनलिकेतल्या स्नायूपेशी, प्रत्येकाचं एक सॅम्पल साधं, बिनऔषधाचं, आणि एक डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड १८ तास दिलेलं, म्हणजे एकूण आठ. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या डेटावर निम्मं जग आरएनए-सेक (पेशीतला आरएनए मोजून जीनची सक्रियता बघायचं तंत्र) शिकलंय, त्यामुळे उत्तर साधारण काय यायला हवं ते माहीत असतं.

कच्चे आकडे काढून उपयोग नाही. ज्या जीनची एकूण मोजणी दहाच्याही आत आहे ते आधी बाजूला काढले आणि उरलेल्यांना व्हीएसटी लावलं, म्हणजे कमी-जास्त मोजणीच्या जीनमधला चढउतार सारख्या पातळीवर आणणारं, साधारण लॉग-२ सारखं रूपांतर. नुसता लॉग घेतला तर शून्य-शून्य-तीन असली मोजणी असलेले जीन प्लॉटभर उड्या मारतात आणि कामाच्या रेषा त्यात हरवतात.

मग जीजीॲली पॅकेजमधलं जीजीपारकोऑर्ड, हा प्लॉट काढणारं फंक्शन. पहिलं चित्र बघितलं तर सगळ्या रेषा आडव्या! भरपूर एक्स्प्रेशनवाले जीन वर, कमीवाले खाली, आणि औषधाचा परिणाम कुठेच नाही. कारण या फंक्शनची मूळ सेटिंग प्रत्येक अक्ष स्वतंत्रपणे स्केल करते, म्हणजे एका मापात आणते. गणितज्ञ इन्सेलबर्ग यांनी पॅरलल प्लॉटची पद्धत रूढ केली ती वेगवेगळ्या चलांसाठी: एका अक्षावर वजन, दुसऱ्यावर किंमत. तिथे अक्षागणिक स्केल करण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे आठही अक्षांवर एकच गोष्ट मोजलेली असते. स्केल करायचं ते जीनला, सॅम्पलला नाही. आरमधलं स्केल हे फंक्शन स्तंभांवर चालतं, म्हणून मॅट्रिक्स आडवी करायची, स्केल करायचं, पुन्हा उभी करायची, आणि जीजीपारकोऑर्डला 'ग्लोबलमिनमॅक्स' सांगायचं, म्हणजे ते पुढे काही ढवळाढवळ करत नाही.

आता झेड-स्कोअर (सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागलेला आकडा) घ्यावा का? बहुतेक जण घेतात. मला तो फारसा पटत नाही. प्रमाण विचलनाने भागलं की सव्वापट बदललेला जीन आणि तीसपट बदललेला जीन सारख्याच तोऱ्यात उभे राहतात. मी फक्त त्या-त्या जीनची सरासरी वजा करतो. मग उभ्या अक्षावरचा १ म्हणजे साधारण दुप्पट, हे सरळ वाचता येतं.

खरी गंमत अक्षांच्या क्रमात आहे. एअरवेमध्ये सॅम्पल साधं-औषध, साधं-औषध असे जोडीने येतात, त्यामुळे वाढलेल्या जीनच्या रेषा करवतीच्या दात्यांसारख्या खालीवर होतात. दिसायला भयंकर. चार साधी आधी आणि चार औषधवाली नंतर लावली की सुंदर पायरी मिळते, सेमिनारमध्ये दाखवायला झकास. पण तपासणीसाठी मी दातेच ठेवतो. पायरीच्या चित्रात कुठलं साधं सॅम्पल कुठल्या औषधवाल्याचा जोडीदार ते कळत नाही. दात्यांच्या चित्रात लगेच दिसतं की अमुक जीन तीन जोड्यांत जवळपास सपाट आहे आणि चौथीत मात्र उसळलाय. अशा जीनबद्दल पी-व्हॅल्यू हा सांख्यिकी निकष काहीही म्हणो, मी त्याच्या पडताळणीसाठी प्रायमर (प्रयोगाला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवणार नाही. उलट एफकेबीपी५ हा स्टिरॉइडला हमखास प्रतिसाद देणारा जीन. त्याची रेषा जाड करून ठेवतो. चारही जोड्यांत तो वर गेलेला दिसला की निदान साधं आणि औषधवालं या लेबलांची अदलाबदल झालेली नाही, एवढी खात्री पटते.

शेकडो रेषा एकावर एक पडल्या की काळा गिचका होतो. पारदर्शकता ०.१ ते ०.२ ठेवली आणि हायरार्किकल क्लस्टरिंगने (सारख्या वागणाऱ्या जीनना टप्प्याटप्प्याने एकत्र आणणारी पद्धत) गट पाडून प्रत्येक गट वेगळ्या चौकटीत काढला, तेव्हा कुठे चित्र वाचता आलं. याच कामासाठी बिगपिंट नावाचं पॅकेजही आहे. ते मागे सगळ्या जीनचे बॉक्सप्लॉट (आकड्यांची पसरण दाखवणाऱ्या पेट्या) काढून त्यावर निवडलेल्या रेषा टाकतं, त्यामुळे हे जीन एकूण गर्दीत कुठे बसतात तेही कळतं. फक्त स्तंभांची नावं गट, टिंब, रेप्लिकेट क्रमांक (त्या गटातलं कितवं सॅम्पल) अशाच साच्यात द्यावी लागतात आणि पहिला स्तंभ आयडीचा हवा.

प्लॉट जतन करताना हजारो रेषांची पीडीएफ इतकी जड होते की गाईडच्या लॅपटॉपवर उघडतानाच ती दम टाकते. तिथे ३०० डीपीआयची पीएनजी द्यावी, आणि पीडीएफ फक्त निवडक जीनच्या चित्रासाठी ठेवावी.