हात धुतलेस ना?

हात धुतले होते. गच्चीतल्या नळाखाली, साबण लावून, कोपरापर्यंत. खाली येऊन मोरीत पुन्हा एकदा. तरी बाळाला घ्यायला वाकले तेव्हा मनूची नजर माझ्या नखांवर गेली आणि ती म्हणाली, "आई, हात धुतलेस ना?"

ही सकाळी साडेसातची गोष्ट. आता रात्रीचे साडेदहा झालेत, आणि तो 'ना' अजून कानातून जात नाही. "धुतलेस का" म्हणाली असती तर हो म्हणून मोकळी झाले असते. 'ना'मध्ये काय होतं? विनवणी? की उत्तर आधीच ठरवून टाकलेलं? मी म्हटलं, "धुतलेत गं," आणि बाळाला न घेताच स्वयंपाकघरात निघून गेले. आळिवाचे लाडू वळायचेत असं सांगून. लाडू काल रात्रीच वळून झाले होते.

माझ्या बोटांच्या रेघांत माती बसली आहे, ती निघत नाही. अडतीस वर्षांची आहे. ह्यांना या हातांचं किती कौतुक होतं... असो.

शेपूचंच घ्या. डॉक्टरांनी तारीख दिली, तिथून मागे चाळीस दिवस मोजले आणि त्या दिवशी दोन पसरट कुंड्यांत शेपू पेरला. निम्मी माती, निम्मं मुरलेलं शेणखत. बी खोल घालायचं नसतं, चिमटीनं भुरभुरायचं आणि वरून मातीचा हलका हात फिरवायचा. आठवड्यानं दोऱ्यासारखी दोन-दोन पानं वर आली. शेजारच्या बेन रोज कठड्यावरून विचारायच्या, "सुवा ऊग्या?" बाळंतिणीच्या पहिल्या जेवणात घरचा शेपू असावा, एवढीच माझी हौस. बाळ आठ दिवस आधी आलं. शेपू वीतभरही झाला नव्हता, तरी खुडला, मूगडाळ घालून मऊ भाजी केली. मनूनं दोनदा मागून घेतली. तेव्हा कुणी नखं पाहिली नाहीत.

हे लिहिताना रडू येतंय.

लहानपणी आजोबा मला रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत न्यायचे. सयाजीरावांनी 1879 मध्ये लोकांसाठी खुली केलेली ती बाग म्हणजे माझी पहिली शाळा. वडाची पारंबी माझ्या मुठीत देऊन ते सांगायचे, हे मूळच आहे, जमिनीला टेकलं की खोड होईल. ज्या गावाचं नावच वडावरून पडलं, तिथल्या पोरांनी मातीला भ्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी येईपर्यंत फ्रॉकचा रंग ओळखू यायचा नाही आणि आजोबांनी एकदाही हात धुवायला लावले नाहीत. मलाही नातीला तिथेच न्यायचंय. तिच्यासाठी एका फुलाचं नावही मनात होतं. पण नाव ठेवणं हा आत्याचा मान, बारसं तीन दिवसांवर आलंय, तो विषय नको.

दुपारी लंगोट वाळत घालताना एकदम सासूबाई आठवल्या. त्यांचा पहिला मुलगा. आठव्या दिवशी त्याला दूध ओढता येईना, मग अंग ताठ झालं, एवढंच त्या सांगायच्या. नाळेला काय लावलं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बत्तीस वर्षं मी शाळेत शास्त्र शिकवलं. दरवर्षी फळ्यावर लिहायचे: धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, वर्षानुवर्षं टिकतात. 2015 मध्ये भारतात बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहूनही कमी, तेव्हा मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आणि बजावलं होतं, की देवीचा रोग जगातून गेला तसा हा जाणार नाही. माती आहे तोवर हा मातीत राहणार, म्हणून लस आणि स्वच्छ हात कधीच सोडायचे नाहीत.

आज बाळाचा नववा दिवस. नाळ अजून पडलेली नाही. मनूनं गरोदरपणात लशी घेतल्यात, नाळ कोरडी ठेवायची आणि तिला काही लावायचं नाही हे दवाखान्यात सांगितलंय, आणि पोरगी ते अक्षरशः पाळतेय. पहिलटकरीण आहे. रात्री पाळण्यावर वाकून बाळाचा श्वास ऐकत बसते, मी दारातून पाहिलंय. सकाळच्या त्या 'ना'मध्ये तिची भीती होती, आणि ती माझ्याकडेच बघून बोलली, कारण दुसऱ्या कुणाकडे बोलणार? दुपारपासून हे कळतंय. तरी लागलं ते लागलंच.

संध्याकाळी नखं अगदी मुळाशी कापली. जुन्या ब्रशनं रेघा घासल्या. थोडं निघालं, बरंचसं राहिलं.

नाळ पडली की ती सोनचाफ्याच्या बुंध्याशी पुरावी असं फार वाटतंय. मनूला विचारायचं धाडस अजून होत नाही.

उद्यापासून क्रम बदलते आहे. इतकी वर्षं उठलं की आधी गच्ची, मग अंघोळ. आता आधी अंघोळ, मग बाळाला घ्यायचं, तिचं न्हाऊमाखू उरकून नऊला झाडांकडे. थंडीचे दिवस आहेत, शेवंती थांबेल. मोगऱ्याचं पाणी तर तोडलेलंच आहे. उन्हाळा लागला की मात्र कुंड्यांना सातच्या आत पाणी लागतं, त्यांना थांबवता येत नाही. पण चैत्रापर्यंत मनू बाळाला घेऊन तिच्या घरी गेलेली असेल.