महाधमनी मोजायची तर नीट मोजा

पासष्टी ओलांडलेला, आयुष्यात कधीतरी विडी-सिगारेट ओढलेला पुरुष दिसला, की त्याच्या पोटातली महाधमनी एकदा तरी सोनोग्राफीवर मोजायला हवी. ती फुगत जाते तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही, आणि फुटली तर बरेच जण इस्पितळाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेले असे आजोबा गल्लोगल्ली आहेत. त्यांना ‘विडी ओढता का?’ एवढंच विचारू नका. ‘पूर्वी ओढत होता का?’ हेही विचारा, कारण वीस वर्षांपूर्वी सोडलेली विडीसुद्धा हिशेबात धरायची असते. वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर तेही लिहून घ्या.

मोबाइलला जोडायचा सोनोग्राफीचा छोटा प्रोब (पोटावर टेकवायचं उपकरण) या कामाला पुरतो. पण तो पिशवीत टाकून देवळाच्या मांडवात शिबिर भरवता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या दृष्टीने तोही सोनोग्राफी यंत्रच आहे. पोर्टेबल यंत्र नोंदणीकृत रुग्णालयात दाखल रुग्णांसाठी वापरता येतं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या पथकाचा भाग म्हणून. चालवणारा डॉक्टरही कायद्यात बसणारा हवा. तपासणी पुरुषांच्या पोटाची आहे म्हणून सूट मिळत नाही. म्हणून आधी नोंदणीचे कागद, मग तारीख.

वेळ सकाळची ठेवा. उपाशीपोटी गॅस कमी आडवा येतो, पण मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला दुपारपर्यंत ताटकळत ठेवू नका. थोडं खाल्लेल्या माणसाचीही धमनी बहुतेकदा दिसते. खोली अंधारी हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो, तेव्हा हे छोटे प्रोब तापून आपोआप बंद पडतात. दोन रुग्णांच्या मध्ये चित्र गोठवून ठेवा आणि चार्जिंगची जादा सोय जवळ ठेवा.

काकांना उताणं झोपवून गुडघे उभे करायला सांगा, म्हणजे पोट सैल पडतं. वक्र प्रोब, पोटाचं सेटिंग, चित्राची खोली (डेप्थ) सडपातळ माणसाला १०-१२ सेंमी, स्थूलाला १५-१८. छातीच्या हाडाच्या टोकाखाली प्रोब आडवा धरा, प्रोबवरची खूण रुग्णाच्या उजवीकडे. आधी मणका शोधा: चमकदार कमान आणि तिच्यामागे काळी सावली. त्याच्या पुढे, रुग्णाच्या डावीकडे जो गोल दिसतो ती महाधमनी, उजवीकडे महाशीर. नुसत्या धडधडण्यावर विसंबू नका, शेजारच्या धमनीमुळे शीरही हलते. शीर दाबली की चपटी होते, श्वासाबरोबर लहानमोठी होते. मग सावकाश खाली सरकत बेंबीच्या आसपास धमनीचे दोन फाटे होईपर्यंत जा. फुगवटा बहुधा मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खालच्या भागात असतो, आणि गॅसही नेमका तिथेच आडवा येतो. जोरात दाबू नका. हलका, स्थिर दाब थोडा वेळ धरला की आतडं बाजूला होतं. तरी जमलं नाही तर कुशीवर वळवून बगलेकडून पाहा.

खरी चूक मोजताना होते. म्हाताऱ्या माणसाची धमनी वाकडी होते. प्रोब शरीराला काटकोनात धरला तरी तिचा छेद तिरका येतो, गोलाचं अंडं होतं आणि आकडा फुगतो. प्रोब कलवत कलवत छेद जास्तीत जास्त गोल आला, की पुढून मागे मोजा, कारण बाजूच्या भिंती पुसट दिसतात. मग उभ्या छेदात पुन्हा मोजून पडताळा. याच्या उलट चूक जास्त घातक आहे. फुगवट्यात रक्ताची गुठळी जमलेली असते, ती करड्या कड्यासारखी दिसते. गेन (चित्राचा उजळपणा) कमी असेल तर ती दिसतच नाही, मधली काळी वाट तेवढी मोजली जाते आणि साडेचार सेंमीची धमनी दोनची ठरते. म्हणून गेन थोडा वाढवून भिंत कुठे आहे ते आधी ठरवा. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं की आतून आतपर्यंत, हे चिठ्ठीवर लिहा. दोन्हींत ३-४ मिमीचा फरक पडतो, आणि पुढच्या तपासणीत तोच फरक ‘वाढ’ म्हणून वाचला जातो.

धमनीची रुंदी ३ सेंमी किंवा जास्त म्हणजे अ‍ॅन्युरिझम, म्हणजेच हा फुगवटा. ब्रिटनच्या तपासणी कार्यक्रमात ३ ते ४.४ सेंमीला वर्षाने, ४.५ ते ५.४ ला तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात, ५.५ ला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवतात. विडी मात्र त्याच दिवशी बंद करायला सांगा, ओढत राहिलं की फुगवटा लवकर वाढतो. फाट्यापर्यंत धमनी दिसली नसेल तर ‘नॉर्मल’ लिहू नका. ‘नीट दिसली नाही’ असं लिहून मोठ्या यंत्रावर पाठवा. आणि फुगलेल्या धमनीबरोबर पोट किंवा कंबर दुखत असेल, घाम, चक्कर असेल, तर पुन्हा मोजत बसू नका; १०८ ला फोन करा आणि जिथे सर्जन व रक्त दोन्ही तयार आहेत तिथेच न्या.