किडनीतून रक्त बाहेर निघेना

हृदयाचं पंपिंग २५ टक्के, क्रिएटिनिन (किडनीने गाळायचा रक्तातला कचरा) १.३ वरून २.४, लघवी ताशी जेमतेम १५ मिली आणि हाताला सलाईन चालू. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत एक ओळ: ‘लॅसिक्समुळे किडनीवर ताण, लॅसिक्स बंद.’ लॅसिक्स म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारं औषध. पेशंट साठी ओलांडलेला ऊसकरी शेतकरी. मांडीपर्यंत सूज, गळ्याची शीर बसलेल्या स्थितीतही कानाच्या पाळीपर्यंत फुगलेली, वजन नेहमीच्या कोरड्या वजनापेक्षा नऊ किलो जास्त. नऊ किलो पाणी अंगात साठलेल्या माणसाला वरून आणखी पाणी कोणत्या हिशेबाने लावतात, हे मला अजून उमगलेलं नाही. क्रिएटिनिन वाढलं की ‘किडनीला पाणी कमी पडतंय’ ही समजूत एमबीबीएसला डोक्यात बसते ती एमडी झाल्यावरही निघत नाही.

आधी सलाईन बंद केलं. बीपी १०४/७०, म्हणजे सरासरी दाब ८१. मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) टाकून दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीत, काखेच्या मध्यरेषेवर लावला. सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, २२. किडनीतून रक्त ढकलणारा दाब म्हणजे या दोन आकड्यांची वजाबाकी: ५९. सगळ्यांचं लक्ष ८१ वर, २२ कडे बघायला कुणी तयार नाही. रेसिडेंटने तर बीपी चढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप भरायलाही घेतला होता.

निरोगी माणसात हृदयाने फेकलेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा, मिनिटाला साधारण लिटरभर, दोन किडन्यांतून जातो. हृदय थकलं की सिम्पथेटिक नसा आणि अँजिओटेन्सिन हे संप्रेरक किडनीतल्या रोहिण्या आवळतात, त्यामुळे हा वाटा हृदयाच्या कामगिरीपेक्षाही जास्त घटतो. ग्लोमेरुलसमधून, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातून, बाहेर पडणारी रोहिणी जास्त आवळली जात असल्याने गाळण काही काळ टिकून राहतं आणि क्रिएटिनिन गप्प बसतं. मग शिरेकडून दाब चढतो. किडनीभोवतीचं कवच ताणलं जात नाही. आत सूज आली की पातळ भिंतीच्या शिरा आणि नलिका आधी दबतात. शिरेचा दाब वाढवला की लघवी घटते, हे विंटनने १९३१ मध्येच कुत्र्याच्या वेगळ्या काढलेल्या किडनीवर दाखवलं होतं. पेशंटच्या मुलाला एका वाक्यात सांगितलं: निचरा तुंबलेल्या रानात ऊस पिवळा पडतो, म्हणून कुणी पाण्याची पाळी वाढवत नाही. त्याला लगेच पटलं. डॉक्टर मंडळींना पटवायला डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, लागला.

सोबत आणलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘दोन्ही किडन्या नॉर्मल आकाराच्या’ एवढंच होतं. आत रक्त कसं वाहतंय, हे कुणी पाहिलंच नव्हतं. रात्री ते पाहायचं तर दुसरीच अडचण. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफीचं मशीन नोंदवलेलं लागतं आणि ते चालवणाऱ्याचं नावही त्या नोंदीत लागतं. कायद्यामागचं कारण रास्त आहे, पण आयसीयूच्या डॉक्टरांची नावं वेळेत घालून घ्यायला व्यवस्थापनाला जमत नाही, आणि मशीन कुलपात राहतं. आमच्याकडे माझं नाव आहे, म्हणून निभावलं.

तपासणी सोपी नाही, पण जमते. पोटाचा प्रोब उजव्या कुशीत, काखेच्या मागच्या रेषेवर. मॉनिटरची ईसीजी मशीनच्या पडद्यावर यायलाच हवी, नाहीतर सिस्टोल (हृदय आवळण्याचा काळ) कुठला नि डायस्टोल (सैलावण्याचा) कुठला हे कळत नाही. कलर स्केल सेकंदाला २० सेंटिमीटरपर्यंत खाली, वॉल फिल्टर सगळ्यात कमी. फिल्टर वर राहिला तर शिरेचा मंद प्रवाह पुसला जातो आणि नसलेला खंड दिसतो. वेग मोजायची चौकट किडनीच्या मुख्य शिरेवर ठेवायची नाही. पिरॅमिडांच्या (किडनीच्या गाभ्यातल्या त्रिकोणी भागांच्या) मधून जाणाऱ्या इंटरलोबर रक्तवाहिन्यांवर, २ ते ३ मिलिमीटरची. म्हणजे रोहिणी पडद्यावरच्या शून्य रेषेच्या वर आणि शीर खाली, एकाच चित्रात येतात. श्वास सोडून तिथेच थांबायला सांगायचं. दम लागलेला माणूस चार-पाच ठोकेच थांबतो, तेवढे पुरतात.

रोहिणीत सिस्टोलचा वेग ३८, डायस्टोलच्या शेवटी ६, म्हणजे रेझिस्टिव्ह इंडेक्स, रोहिणीतल्या अडथळ्याचा आकडा, ०.८४. वय आणि कडक झालेल्या रोहिण्यांमुळेही तो वाढतो, म्हणून त्यावर निकाल देऊ नये. खरी गंमत रेषेखाली. निरोगी किडनीत शिरेचा प्रवाह अखंड, किंचित लहरता असतो. इथे फक्त डायस्टोलमध्ये एक उंचवटा आणि सिस्टोलभर सपाट शून्य. प्रत्येक ठोक्यात काही काळ किडनीतून रक्त बाहेरच पडत नव्हतं. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेचा वेग २९ ते ११ दरम्यान हेलकावत होता, म्हणजे ६२ टक्के चढउतार. ५० च्या वर गंभीर. यकृताची शीर उलटी वाहत होती, पण हृदयाच्या उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप एवढी गळत असताना तिची साक्ष मी धरत नाही. या शिरांच्या प्रवाहावरून तुंबलेपण मोजणारी व्हेक्सस ही श्रेणी २०२० मध्ये मॉन्ट्रियलला हृदयशस्त्रक्रिया झालेल्या पेशंटवर बेतली गेली, हे विसरून ती सरसकट लावणारे बरेच आहेत. मूत्राशयातून मोजलेला पोटातला दाब १४ भरला. १२ पासून तो वाढलेला धरतात.

घरी ८० मिग्रॅ लॅसिक्स तोंडाने चालू होतं, म्हणून शिरेतून ८०. दोन तासांनी लघवीतलं सोडियम ३८. ते ५० ते ७० च्या वर हवं, म्हणून डोस दुप्पट: १६० मिग्रॅ, मिनिटाला ४ च्या वर नाही, म्हणजे ४० मिनिटं. घाईत दिलं तर कान जातात. पुढचं सोडियम ९६ आणि लघवी ताशी २२० मिली. दुसऱ्या सकाळी क्रिएटिनिन २.६ आलं आणि ‘आता तरी थांबवूया’ सुरू झालं. लघवी धो धो होत असताना, सूज उतरत असताना थोडं वाढलेलं क्रिएटिनिन म्हणजे किडनी मेली असं नव्हे. थांबवलं नाही. फक्त पोटॅशियम ३.१ वर आलं ते भरत राहिलो.

चौथ्या दिवशी सरासरी दाब ७७, सीव्हीपी ९, फरक ६८. बीपी चारने उतरलं, किडनीच्या वाट्याचा दाब नऊने वाढला. क्रिएटिनिन १.७.

डोक्यातून जात नाही ते पुढचं. पोर्टलचा चढउतार २४ टक्क्यांवर आला, पोटातला दाब ९, पण किडनीच्या शिरेत एका उंचवट्याचे दोन झाले तरी मधला खंड कायम. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणाले पुरे, आता कोरडा पडेल. माझ्या मते किडनीच्या आतली सूज बाकीच्या शरीरापेक्षा उशिरा उतरते, अजून दोन किलो काढायला हवेत. काढले. क्रिएटिनिन १.६, उंचवट्यांमधली फट अरुंद झाली, भरली नाही. ती उरलेली सूज, की इतक्या दिवसांच्या दाबाने पडलेला कायमचा व्रण, हे लाटेच्या आकारावरून ठरवता येत नाही, आणि डिस्चार्जच्या वेळी नेमकं तेच ठरवायचं असतं.

थकलेल्या हृदयासाठीची सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टनची ५० ची गोळी दोन वेळा सुरू केली. कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं: रोज सकाळी लघवीनंतर वजन, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन, गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक अजिबात नाही, क्रिएटिनिन २ पर्यंत गेलं आणि पोटॅशियम ५.५ च्या आत असेल तर गोळी बंद करू नये. डॉप्लर दोन आठवड्यांनी परत, त्याच उजव्या कुशीत, त्याच सेटिंगवर.